घराआधी घसरगुंडी?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या बे सेंट लुइस या छोट्या गावाच्या परिसरात समुद्राचं पाणी आठ मीटरच्या आसपास चढलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात, गाव अजून ढिगाऱ्यातून सावरत असताना, तिथे स्वयंसेवकांनी मुलांसाठी खेळाचं मैदान बांधलं. त्यामागे ‘काबूम’ ही संस्था होती आणि किनारपट्टीवर अशी शंभर मैदानं उभारण्याचा तिचा संकल्प होता. डोक्यावर छप्पर नाही आणि घसरगुंडी कसली बांधता, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याने एक गोष्ट धरून चाललेली असते: पुनर्बांधणी ही एक रांग आहे आणि खेळाचा नंबर त्या रांगेत शेवटी लागतो.

सरकारी व्यवस्थाही बहुधा असंच धरून चालते. अमेरिकेची आपत्ती निवारण यंत्रणा ‘फेमा’ सार्वजनिक कामांचे ए ते जी असे सात वर्ग पाडते. ढिगारा उचलणं ए, तातडीचे बचावाचे उपाय बी, पुढे रस्ते, बंधारे-कालवे, इमारती, वीज-पाणी आणि शेवटच्या जी वर्गात बागा व क्रीडांगणं. अक्षरांचा क्रम हाच पैशांचा क्रम असतो असं नाही. तरीही एकाच नगरपालिकेला पूल, गटारं आणि कचेरी एकदम उभी करायची असते, तेव्हा बागेची फाइल तळाशी जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. मोठ्यांना हा उशीर सोसतो. सहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षं थांबायला सांगणं म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या निम्मा काळ थांबायला सांगणं.

या थांबण्याची किंमत काय असते, ते जपानमध्ये दिसलं. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये, सुरक्षित सपाट जमीन फारच थोडी उरली. त्यामुळे तात्पुरती घरं कित्येक ठिकाणी शाळांच्या मैदानांवरच उभारावी लागली. प्रशासनाला दोष देता येणार नाही, पण मुलांची हक्काची जागा गेली ती गेलीच. फुकुशिमात तर किरणोत्सर्गाच्या भीतीने मुलं घरातच कोंडली गेली. २०१२ च्या शालेय आरोग्य पाहणीत त्या प्रांतातल्या अनेक वयोगटांत लठ्ठ मुलांचं प्रमाण देशात सर्वाधिक निघालं. ही झाली शरीराची गोष्ट. मनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्या दिवसांत मुलं ‘भूकंप भूकंप’, ‘त्सुनामी त्सुनामी’ असे खेळ खेळत आणि ते पाहून मोठ्यांच्या अंगावर काटा येई. बालमानसतज्ज्ञांचा सल्ला होता की मुलांना दटावून थांबवू नका, जवळ राहा, लक्ष ठेवा. आपण मोठी माणसं एकच दुःख दहा जणांना सांगून हलकं करतो. मुलाकडे तेवढे शब्द नसतात, ते खेळून मोकळं होतं. त्यासाठी धावता, ओरडता, पडता येईल अशी जागा लागते. निवारा केंद्रात दोन चटयांच्या फटीत ती मिळत नाही.

हे मान्य केलं तरी हौशी स्वयंसेवकांनी हे काम का करावं? माझ्या मते त्यांना साजेसं काम हेच आहे. घराला मालकीचे कागद, परवाने, वीजजोडणी, कसलेला गवंडी लागतो. शिकाऊ हातांची भिंत उद्या कुणाच्या तरी अंगावर पडेल. मैदानाची जमीन बहुधा सार्वजनिक असते, तिथे भाऊबंदकी नसते. झोक्यांचे सांगाडे कारखान्यातून तयार येतात. बाकी राहतं ते खड्डे खणणं, काँक्रीट कालवणं, लाकडाचा भुगा ताडपत्रीवरून ओढत नेऊन पसरणं. काबूमच्या पद्धतीत मुलं आधी आपल्या मनातलं मैदान चितारतात, त्यावरून आराखडा ठरतो आणि मग जाणकारांच्या देखरेखीखाली शेदोनशे माणसं एका दिवसात ते उभं करतात. या सगळ्यात घर बांधणाऱ्या गवंड्याचा तासभरही खर्ची पडत नाही. तेव्हा ‘आधी घर की आधी मैदान’ हा झगडा बऱ्याच अंशी कागदावरचाच आहे.

फोटोपुरतं श्रमदान होतं, रंग वाळण्याआधी पाहुणे निघून जातात आणि पुढच्या पावसाळ्यात साखळ्या गंजतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. बोल्ट कोण आवळणार, भुगा दरवर्षी कोण भरणार, हे आधी ठरलं नसेल तर मैदान न बांधलेलंच बरं. मात्र चांगलं काम कधी कधी अनपेक्षित वाटेने परत येतं. न्यू जर्सीच्या अग्निशामक जवानांनी कॅटरिनानंतर मिसिसिपीत मैदानं बांधून दिली होती. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने त्यांचाच किनारा झोडपला आणि डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात २० मुलं आणि ६ शिक्षिका-कर्मचारी मारले गेले. त्या २६ जणांच्या स्मरणार्थ याच जवानांनी वादळग्रस्त भागात २६ मैदानं उभारली.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरं लांब लांब गेली; जुन्या गल्ल्यांमधला शेजार विस्कटला, अशी टीका पुढे अभ्यासकांनी केली. नव्या गावठाणांत बांधणारे बहुतेक बाहेरचे होते. जिथे जागच्या जागी दुरुस्ती झाली, तिथे मात्र घरमालकांनी स्वतः लक्ष घालून काम करून घेतलं. मैदानालाही हेच लागू आहे: बाहेरून हात आणि पैसा यावा, आराखडा आणि किल्ली गावाकडे असावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केलं आहे, शाळा व्यवस्थापन समितीही दिली आहे. म्हणजे ही जबाबदारी घ्यायला मंडळी गावात आहेत. पुढच्या पुरानंतर जुन्या कपड्यांचा आणखी एक ट्रक भरण्याआधी त्या समितीला एक फोन करा, आणि मुलांच्या मैदानावर आत्ता काय साचलंय ते विचारा.