३०२ की १०३?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी पुष्कळ जण अद्याप निवृत्त झालेले नाहीत. सरकारी नोकराला वयाची मर्यादा असते. वकील, करसल्लागार किंवा माझ्यासारखा खासगी डॉक्टर यांना ती नसते. थांबायचे केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दुर्दैवाने हा निर्णय अनेकदा एखाद्या अपमानाच्या दिवशी घाईने घेतला जातो.

अशाच एका दिवसानंतर एक वकीलसाहेब सूनबाईंसह माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ६७, वकिलीला चाळीस वर्षे झालेली. बसताक्षणी म्हणाले, "डॉक्टर, मेंदूच्या तपासणीची चिठ्ठी द्या. डोके चालेनासे झाले आहे. सनद परत करून टाकतो." जामिनाच्या अर्जावर बोलताना त्यांच्या तोंडून तीन वेळा जुनेच कलम गेले होते आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसले होते.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम आता १०३ आहे, तर ज्याची आपल्याकडे म्हण होऊन बसली होती ते ४२० आता ३१८ मध्ये सामावले आहे. आता विचार करा, चाळीस वर्षे जिभेवर वागवलेला आकडा एका रात्रीत कसा पुसला जाईल? घर बदलल्यावर कित्येक दिवस पाय जुन्या गल्लीकडेच वळतात, तसेच हे. खोल उमटलेला जुना ठसा नव्याच्या आड येतो. वयानुसार नवी गोष्ट मनात बसायला वेळ अधिक लागतो हे खरे. परंतु शब्दसंग्रह, तारतम्य, माणसाची पारख ही पुंजी साठीनंतरही चांगली टिकून राहते.

तरीही, "काही नाही, वयाचे आहे" असे म्हणून मी त्यांना परत पाठवले नाही. हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या तोंडी फार सहज येते आणि त्यापायी बरे होण्याजोगे आजार मागे राहून जातात.

मी हलक्या आवाजात विचारलेल्या प्रश्नांना सूनबाईच उत्तरे देत होत्या. कानांची तपासणी केली, तेव्हा उंच स्वर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे दिसले. जे नीट ऐकूच आले नाही, ते लक्षात राहणार कसे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये ऐकू कमी येण्याचा समावेश केला आहे, म्हणून श्रवणयंत्राची लाज बाळगू नये. चष्मा लागला तेव्हा आपण लाजलो होतो का?

चष्म्याचीही एक गंमत होती. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा. खालची काच हातातल्या कागदासाठी, म्हणजे वीतभर-दोन वीत अंतरासाठी. संगणकाचा पडदा त्याहून दूर. त्यामुळे मान वर करून खालच्या काचेतून पाहायचे आणि तासाभरात मान व डोके दुखू लागायचे. त्याचा परिणाम असा की, ऑनलाइन दाखल करायची कागदपत्रे ते टाळू लागले आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ 'यांना जमत नाही' असा लावला. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतल्यावर निम्मी कुरकुर थांबली.

रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. ते शाकाहारी असल्याने भर पडली. (मात्र, तपासणीवाचून 'ताकदीचे इंजेक्शन' मागण्याची जी प्रथा पडली आहे, तिला माझा विरोध आहे.) झोप येत नाही म्हणून ते औषधाच्या दुकानातून सर्दीची गुंगी आणणारी गोळी रोज घेत होते. उतारवयात अशा गोळ्यांनी सकाळी बुद्धी मंदावते. ती गोळी बंद केली. थायरॉइड ठीक होते.

आता काळजीवाहकांशी दोन शब्द. सूनबाई मनाने चांगल्या, पण सासऱ्यांना मोबाइलवर काही अडले की "द्या इकडे, मी करते" म्हणून दोन क्षणांत काम उरकून देत. त्याने काम होते. शिकणे होत नाही. बोट त्यांचेच राहू द्या. आपण फक्त शेजारी बसा, शक्यतो सकाळी, झोप पूर्ण झालेली असताना. पायऱ्या त्यांना स्वहस्ते वहीत लिहू द्या. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा विचारली, तर सुस्कारा टाकू नका.

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही. हिशेब लिहिणाऱ्या एका गृहस्थांना मला काम थांबवायचा सल्ला द्यावा लागला. ते नेहमीच्या रस्त्यावर चुकू लागले होते, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारत, आणि आपले काही चुकते आहे हे त्यांना जाणवतही नसे. घरच्यांनी वर्षभर झाकून ठेवले. त्यात एका अशिलाचे नुकसान झाले. रोजचे व्यवहार, पैशांची देवघेव, ओळखीची वाट यांत गोंधळ दिसला, तर तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नका.

मी स्वतःही या रांगेत आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी टिकवायची, तर व्याख्यानांना बसून ३० श्रेयांक जमवावे लागतात. आमच्या विद्यार्थिदशेत नसलेल्या औषधांची नावे मी तेथे वहीत लिहून घेतो आणि घरी येऊन दोनदा मोठ्याने म्हणतो.

वकीलसाहेब आता कानाला यंत्र लावून न्यायालयात जातात. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालतात, त्यामुळे तरुण वकील ३०२ च्या जुन्या निवाड्यांसाठी त्यांच्या टेबलाशी येतात. त्यांच्या वहीत डावीकडे जुने कलम आणि उजवीकडे नवे आहे. मागच्या भेटीत त्यांनी ती मला दाखवली आणि ब-१२ ची पुढील तपासणी केव्हा, ते तिच्यातच शेवटच्या पानावर लिहून घेतले.