तहदीग: भाताचा खरपूस तळ

इराणी चेलो (मोकळा वाफवलेला भात) शिकताना खरा कस लागतो तो तहदीगला, म्हणजे भाताच्या तळच्या सोनेरी थराला. लांब दाण्याचा तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवून, भरपूर पाण्यात अर्धाकच्चा उकळून निथळायचा. सुटलेला स्टार्च पाण्याबरोबर जातो, म्हणून दाणे मोकळे राहतात. मग पातेल्यात तेल, त्यावर दही-केशर कालवलेला थोडा भात, वर उरलेल्याची रास.

तळाशी पाणी आहे तोवर तिथला भात १०० अंश सेल्सिअसच्या फारसा पुढे जात नाही. ते आटले, तापमान १४० च्या आसपास गेले, की अन्नाला तपकिरी रंग आणि खमंगपणा देणारी मेलार्ड अभिक्रिया वेग घेते. दह्यातली प्रथिने आणि साखर तिला बळ देतात. दही म्हणूनच मला फार मोलाचे वाटते! झाकणाला फडके मात्र गुंडाळाच, ते वाफेचे थेंब टिपते. आच मंद ठेवा. मोठ्या आचेवर थर कुरकुरीत होण्याआधीच करपतो.