पाठराखण

शनिवारी सकाळी साडेआठला आमच्या पार्कात पोचलं की पहिलं काम दोऱ्या बांधायचं. गवतात खुंट्या रोवायच्या, त्यांना दोन बाजूंनी दोऱ्या ताणायच्या आणि एका वेळी एकच माणूस जाईल अशी निमुळती वाट करायची. इथे तिला फनेल म्हणतात. मला दर वेळी दर्शनबारी आठवते. तोवर कुणी किटलीतून चहा ओतत असतं, कुणी झाडाला बाण दाखवणाऱ्या पाट्या अडकवत असतं. नऊच्या ठोक्याला दोन-अडीचशे माणसं पाच किलोमीटर धावायला किंवा चालायला निघतात. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. गेल्या आठवड्यात हेच झालं होतं, पुढच्या आठवड्यातही हेच होईल. याचं नाव पार्करन.

याची सुरुवात झाली ती एका न धावणाऱ्या माणसापासून, आणि माझ्या मते या संस्थेतलं सगळं तिथूनच समजून घ्यावं लागतं. पॉल सिंटन-ह्युइट हा पट्टीचा धावपटू. 2004 मध्ये त्याला दुखापत झाली, धावणं बंद पडलं आणि त्याच सुमारास नोकरीही गेली. ज्यांच्यासोबत रोज धावायचं ती मित्रमंडळी मात्र त्याला सोडवेना. मग त्याने लंडनमधल्या बुशी पार्कात सगळ्यांना बोलावलं. तुम्ही धावा, मी वेळ लावतो. 2 ऑक्टोबर 2004 ला तेरा जण धावले. त्यांना क्रमांक म्हणून जे दिलं ते होते हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर, त्यांवर आकडे ठोकलेले. धावून झाल्यावर सगळे कॉफी प्यायला गेले. म्हणजे या संस्थेचा पहिला स्वयंसेवक हाच तिचा संस्थापक. इथे धावणारा आणि उभा राहणारा यांच्यात उच्च-नीच कधी आली नाही, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

दोनेक वर्षं हे एका बुशी पार्कापुरतंच होतं. 2007 च्या जानेवारीत विंबल्डन कॉमनवर दुसरी जागा सुरू झाली, आणि मग मात्र थांबलं नाही. आज वीसहून जास्त देशांत, दोन हजारांहून जास्त ठिकाणी हे चालतं. मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरचं वेगळं असतं. कंब्रियातल्या हॅवरिगच्या तुरुंगात 2017 पासून कैदी आणि कर्मचारी एकत्र धावू लागले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेशी करार झाला, आणि डॉक्टर पेशंटला गोळ्यांच्या जोडीने शनिवारचं पार्कही सुचवू लागले.

एवढ्या पसाऱ्यात वेळ कशी नोंदतात, हे मला आधी कोडंच होतं. पायाला चिप नाही, छातीवर नंबर नाही. गंमत अशी की कामाचे तीन तुकडे केले आहेत आणि ते तीन वेगळ्या हातांत दिले आहेत. रेषेवर उभा असलेला टाइमकीपर प्रत्येक माणूस आला की एकदा बटण दाबतो. कोण आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्याकडे फक्त वेळांची यादी. फनेलच्या टोकाला दुसरा माणूस आलेल्या क्रमाने प्लॅस्टिकची टोकनं वाटतो. त्याला वेळेशी कर्तव्य नाही. पुढे तिसरा उभा. तो आधी धावणाऱ्याचा स्वतःचा बारकोड आणि मग टोकनाचा बारकोड मोबाइलवर स्कॅन करतो. नाव टोकनाशी जुळलं, टोकन वेळेशी जुळलं, की दुपारपर्यंत प्रत्येकाच्या ईमेलवर निकाल. बारकोड घरी राहिला तर धावलेलं सगळं अनामिकाच्या खात्यात जातं.

या रचनेत सगळी भिस्त रांगेवर. फनेलमध्ये कुणी कुणाला ओलांडायचं नाही. कुणी टोकन न घेता दोरीखालून निघून गेलं, तर त्याच्या मागच्या प्रत्येकाला दुसऱ्याची वेळ लागते. एकदा जानेवारीत, पावसात, टोकनं वाटताना माझ्याकडून दोन टोकनं चिकटून एकाच बाईच्या हातात गेली. बोटं बधिर झाली होती, कळलंच नाही. तिथून पुढे दीडशे माणसांचा हिशेब एका घराने सरकला. टाइमकीपर आणि मी कॅफेत तासभर बसून तो परत जागेवर आणला. कुणी एक शब्द बोललं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक टोकन अंगठ्याने घासून मगच देते.

फुकट असणं हा इथला कणा आहे. 2016 मध्ये ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक पार्कात स्थानिक कौन्सिलने पैसे आकारायचं ठरवलं. पार्करनवाल्यांनी पैसे दिले नाहीत, तिथलं पार्करन बंद झालं. अनेकांना तो हट्ट वाटला. मला तो योग्यच वाटतो. एकदा गल्ला ठेवला की धावणारा गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक दोऱ्या बांधायला येत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत वेबसाइटवरून सर्वांत वेगवानांच्या याद्या काढल्या, तेव्हाही बरीच ओरड झाली. वेगवान धावणाऱ्यांची हळहळ मी समजू शकते. पण याद्या गेल्यावर आमच्या पार्कातली गर्दी तसूभर हलली नाही.

आणि मला सर्वांत आवडणारं काम म्हणजे टेल वॉकरचं. पाठीवर तसं लिहिलेलं जाकीट घालून सगळ्यांच्या मागे चालायचं. रेषा ओलांडणारं शेवटचं माणूस तेच असतं, त्यामुळे बाकी कुणावरच शेवटचा येण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे नव्या नवरीसोबत पाठराखीण पाठवायचे. हे काम तेच.

गेल्या जूनमध्ये सांगलीहून आई आली होती. वय एकाहत्तर, रोज सकाळी आमराईला चक्कर मारायची सवय. मी तिचं नाव नोंदवलं, बारकोड कागदावर छापून तिच्या पर्समध्ये ठेवला. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट, वर स्वेटर. टेल वॉकर होत्या एक निवृत्त शिक्षिका. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच किलोमीटर त्या बोलत होत्या. प्रत्येक वळणावरचा मार्शल टाळ्या वाजवायचा आणि आई थांबून त्याला नमस्कार करायची. एक तास दोन मिनिटांनी ती आली तेव्हा फनेलजवळचे सगळे अजून उभे होते. मला म्हणाली, "अगं, पैसे कुणाकडे द्यायचे?"

"काही द्यायचं नाही."

"मग ही माणसं उन्हातान्हात उभी का राहिलीत?"

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात ती धावतील, तेव्हा दुसरी उभी राहतील."

कॅफेत टोकनं क्रमाने लावताना 214 सापडेना. टोकनं टाकायची बादली उलटी केली, गवतात शोधलं. एक टोकन हरवलं की पुढच्या शनिवारी गठ्ठ्यात भोक पडतं. रात्री आईने पर्समधून रुमाल काढला, त्यात ते निघालं. स्कॅन करणाऱ्या मुलाला हात जोडताना बादलीत टाकायचं राहिलं होतं, आणि तिला तो बिल्ला वाटला होता. देवापुढे ठेवणार होती.

पुढच्या शनिवारी ती माझ्याआधी तयार होऊन बसली. पार्कात पोचताच सगळी व्यवस्था बघणाऱ्या रन डायरेक्टरच्या हातावर टोकन ठेवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला विचार, आज मी कुठे उभी राहू?"