शाळेतल्या गाईड मुली वर्षभर नेमकं करतात तरी काय?

निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोरच्या रांगेत सगळ्यात पुढे. गाईडच्या मुली म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं. हल्ली त्यात भर पडलीय ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या फोटोंची. एक रोप, त्याला लागलेले पंधरा हात आणि मागे बॅनर.

या फोटोंवरून हा सगळा प्रकार दिखाऊ वाटू शकतो. काही शाळांमध्ये तो तसा झालाही आहे. पण मूळ योजना बघितली तर तिच्यात एक गोष्ट फार वेगळी आहे, ती म्हणजे कोणती सेवा करायची, त्यासाठी पैसे कुठून आणायचे आणि काम कोणी काय करायचं, हे सगळं मुलींनी ठरवायचं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला 'तू ठरव' असं सांगणाऱ्या जागा आपल्याकडे किती आहेत, याचा विचार केला तर यातलं महत्त्व लक्षात येईल.

मुली न बोलावता आल्या होत्या

स्काऊट चळवळ सुरू झाली ती मुलांसाठी. १९०७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली स्वतःच गणवेशासारखे कपडे करून हजर झाल्या. आम्हालाही हे करायचंय, असं त्यांनी थेट बेडन-पॉवेल यांनाच सांगितलं. त्याआधीच कित्येक मुलींनी पूर्ण नाव न लिहिता फक्त आद्याक्षरं टाकून स्काऊट म्हणून नोंदणी केली होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९१० मध्ये, मुलींसाठी गर्ल गाईड्स ही वेगळी संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्याकडे तिची धुरा गेली. मुलांच्या तुकड्यांना प्राणी-पक्ष्यांची नावं होती, मुलींच्या तुकड्यांना मात्र फुलांची दिली गेली. मुलींनी असं रानात हिंडणं त्या काळच्या इंग्लंडला पचायला जड होतं, त्यामुळे नाव तरी नाजूक हवं! आपल्याकडे आजही गाईडच्या तुकड्या गुलाब, कमळ, मोगरा अशाच असतात. ११० वर्षं उलटली तरी ही फुलं काही कोमेजलेली नाहीत.

भारतात गाईडिंग १९११ मध्ये जबलपूरला सुरू झालं, तेही सुरुवातीला युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच. भारतीय मुलींना प्रवेश मिळाला तो त्यानंतर काही वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही त्यात सामील झाल्या.

जूनमध्ये काय होतं?

शाळा उघडली की नोंदणी सुरू होते. लहान मुलींसाठी 'बुलबुल' असतं. वयाची १० वर्षं पूर्ण झाली की गाईड होता येतं. एका गाईड कंपनीत जास्तीत जास्त ३२ मुली असतात आणि त्यांच्या सहा ते आठ जणींच्या तुकड्या पाडतात. प्रत्येक तुकडीची एक नायिका असते. कंपनीची प्रमुख म्हणजे गाईड कॅप्टन. त्या बहुतेक वेळा शाळेतल्याच शिक्षिका असतात. त्यासाठी त्यांना आधी सात दिवसांचा बेसिक कोर्स करावा लागतो.

खरी मेख आहे ती या छोट्या तुकडीत. साठ मुलींच्या वर्गात बोलायला बिचकणारी मुलगी सहा जणींत बोलते. तुकडीतल्या मुली आपापसात बोलून सुचवतात आणि मग सगळ्या नायिका कॅप्टनसोबत बसून निर्णय घेतात. या बैठकीला 'कोर्ट ऑफ ऑनर' असं भारदस्त नाव आहे. तिथे कॅप्टनची भूमिका सल्लागाराची असते. वर्षाचे कार्यक्रम, जमा-खर्च, कोणी शिस्त मोडली तर काय करायचं, हे सगळं तिथे ठरतं.

निदान ठरायला हवं. बऱ्याच शाळांत वरून परिपत्रक येतं, बाई वर्गात वाचून दाखवतात आणि मुली रांगेत उभ्या राहतात. तुमच्या मुलीच्या शाळेतली कंपनी जिवंत आहे की नुसती कागदावर, हे ओळखायचं असेल तर तिला एकच प्रश्न विचारा, "यंदा काय करायचं ते कोणी ठरवलं?"

आधी शिकायचं, मग सेवा

नवीन मुलीला लगेच सेवेला पाठवत नाहीत. आधी 'प्रवेश' असतो. त्यात वचन, नियम, तीन बोटांचा सॅल्यूट, डाव्या हाताने हस्तांदोलन, ध्वजगीत आणि रोज एक सत्कृत्य करण्याची सवय हे सगळं येतं. दीक्षा झाली की स्कार्फ आणि बॅज मिळतो. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार.

सोपानांत दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, तंबू उभारणं, चुलीवरचा स्वयंपाक असं बरंच काही असतं. गाठी कशाला शिकायच्या, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून बँडेज बांधताना ती रुतत नाही. बोलाईन गाठीचा फास आवळत नाही, म्हणून खड्ड्यात पडलेल्या माणसाच्या कमरेभोवती तो टाकता येतो. गळ्यातला स्कार्फसुद्धा नुसता शोभेचा नाही. तो उलगडला की त्रिकोणी पट्टी तयार. हात मोडलेल्या माणसाला त्याची झोळी करून देता येते.

म्हणून पावसाळ्याचे महिने या तयारीत जातात. मधेच १ ऑगस्टला स्कार्फ दिन असतो. ब्राऊनसीचं ते पहिलं शिबिर याच तारखेला सुरू झालं होतं. गणेशोत्सवात विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य वेगळं गोळा करणाऱ्या मुली दिसतात, त्यांत अनेकदा गाईडच्या मुली असतात. वृक्षारोपणही याच दिवसांत होतं, आणि त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रोप लावण्याचा फोटो काढूच नये, मार्चमध्ये ते रोप कसं आहे त्याचा काढावा. ज्या कंपनीत प्रत्येक तुकडीकडे आपापली रोपं वाटून दिलेली असतात, तिथे मार्चमध्ये फोटो काढण्यासारखं काहीतरी उरतं.

'खरी कमाई' म्हणजे नक्की कोणाची?

दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास ७ नोव्हेंबरचा स्थापना दिन येतो. त्या दिवशी लहान झेंड्याचे स्टिकर विकून निधी जमवतात. पण महाराष्ट्रातल्या मुलांना सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो 'खरी कमाई'चा उपक्रम.

कल्पना साधी आहे. घरोघरी किंवा दुकानांत जाऊन छोटी कामं करायची, त्याचे मिळतील ते पैसे घ्यायचे आणि ते कंपनीच्या कामासाठी वापरायचे. ब्रिटनमध्ये स्काऊट मुलांसाठी १९४९ पासून असाच 'बॉब-अ-जॉब' आठवडा होता. एका शिलिंगला तिथे बोलीभाषेत 'बॉब' म्हणत, म्हणजे एक बॉब द्या आणि काम सांगा! देणगी मागायची नाही, घाम गाळून कमवायचं, हा त्यातला मुद्दा. गाडी धुणं, बागेतलं तण काढणं, पुस्तकांना कव्हर घालणं, कपाट आवरणं, काहीही चालतं.

आता मुलींना अनोळखी घरी पाठवायला पालक तयार नसतात, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणता येणार नाही. म्हणून बहुतेक शाळांनी त्याचा आनंद मेळावा केलाय. मैदानात टेबलं, भेळ, वडापाव, सरबत. इथे एक गंमत होते. पहाटे पाचला उठून आई शंभर वडे तळते, बाबा ते शाळेत पोचवतात आणि मुलगी टेबलामागे उभी राहून सगळं विकते. कमाई खरीच, पण ती आईची!

दुसरी गडबड हिशेबात. समजा, एका तुकडीने भेळेच्या सामानावर ६०० रुपये घातले आणि विक्री १००० ची झाली. वहीत 'कमाई १०००' असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात ती ४०० आहे. त्यात सामान घरून फुकट आलं असेल तर ४०० सुद्धा कागदावरच. ज्या कॅप्टन मुलींना बाजारात पाठवून भाव विचारायला लावतात, पावत्या ठेवायला लावतात आणि शेवटी नफा किती ते काढायला लावतात, त्या या एका दिवसात गणिताच्या पुस्तकातला नफा-तोट्याचा अख्खा धडा शिकवतात. आणि मग त्या ४०० रुपयांचं काय करायचं यावर तुकड्यांमध्ये जी भांडणं होतात, ती तर फारच उपयोगाची. मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची कचरापेटी आणायची, की वाचनालयाला पुस्तकं घ्यायची? चौदा वर्षांच्या मुली यावर मतदान घेतात तेव्हा तो शाळेतला नागरिकशास्त्राचा सगळ्यात चांगला तास असतो.

शिबिराची रात्र

हिवाळ्यात जिल्हा मेळावे आणि शिबिरं होतात. तंबू उभारणं आणि सजवणं, शोभायात्रा, बिनभांड्याचा स्वयंपाक आणि रात्री शेकोटी. बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणजे तवा-पातेलं न वापरता निखाऱ्यावर भाकरी भाजायची, वांगं-बटाटा भाजायचा, पानात गुंडाळून काहीतरी शिजवायचं. मुली यात भलत्या कल्पक असतात.

पण अनेक मुलींची गाडी इथेच अडते. आठवड्याच्या बैठकीला, प्रभातफेरीला, मेळाव्यातल्या स्टॉलला घरून परवानगी मिळते, मात्र "रात्री राहायचं नाही" हे ठरलेलं असतं. सातवी-आठवीपर्यंत उत्साहाने पुढे असलेली मुलगी नववीत मागे पडते, त्यामागे अभ्यासाइतकंच हेही कारण असतं. आणि वरच्या पुरस्कारांच्या चाचण्या तर शिबिरातच होतात, म्हणजे रात्र नाही तर पुढचा सोपानही नाही. पालकांनी आंधळेपणाने 'हो' म्हणावं असं नाही. उलट सविस्तर विचारावं. सोबत शिक्षिका किती आहेत, मुलींची राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, दवाखाना किती लांब आहे, फोन कोणाला करायचा? चांगली कॅप्टन या प्रश्नांनी चिडत नाही, तिच्याकडे उत्तरं लिहून ठेवलेली असतात.

फेब्रुवारी आणि पुण्यातला 'संगम'

२२ फेब्रुवारीला चिंतन दिन असतो. रॉबर्ट आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही वाढदिवस याच तारखेचा. १९२६ मध्ये अमेरिकेत झालेल्या जागतिक परिषदेत जगभरच्या गाईड्सनी या दिवशी एकमेकींची आठवण काढावी असं ठरलं. १९३२ मध्ये बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचवलं की वाढदिवस म्हटला की भेट आली, आणि मग ओलेव्ह यांनी पत्र लिहून प्रत्येकीला एक पेनी द्यायला सांगितलं. तेव्हापासून या दिवशी निधी जमतो आणि तो इतर देशांतल्या मुलींच्या कामाला जातो.

यातला महाराष्ट्राचा भाग आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही. जागतिक गाईड संघटनेची जगात मोजकीच केंद्रं आहेत. त्यातलं एक स्वित्झर्लंडमध्ये, एक मेक्सिकोत आणि एक चक्क पुण्यात, विश्रांतवाडी भागात. त्याचं नाव 'संगम'. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत ते सुरू झालं. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या स्थानिक संस्थांसोबत काम करतात. पुणे परिसरातल्या एखाद्या शाळेच्या कंपनीला चिंतन दिनासाठी सहलीची जागा शोधायची असेल तर आधी तिथे चौकशी करायला हरकत नाही.

प्रमाणपत्रासाठी की कामासाठी?

मार्चमध्ये परीक्षा येते आणि वर्ष संपतं. बाकी राहते ती नोंदवही. कोणती सेवा केली, किती तास केली, काय शिकले, हे मुलीने स्वतः त्यात लिहायचं असतं आणि पुरस्कारांच्या चाचणीला ती वही तपासतात. अनेक ठिकाणी वीस जणींच्या वहीत शब्दन्‌शब्द सारखा मजकूर सापडतो. प्रमाणपत्राचा पुढे उपयोग होतो म्हणून आग्रह धरणाऱ्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या निमित्ताने का होईना मुलगी मैदानावर येते. पण वही मात्र तिची तिलाच लिहू द्या. 'आज पाऊस होता, काम झालं नाही, आम्ही भांडलो' असं लिहिलेलं पान छापील वाटणाऱ्या अहवालापेक्षा केव्हाही चांगलं.

शाळेत कंपनी नसेल तर मुख्याध्यापकांना विचारून जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयाशी संपर्क साधता येतो. शाळेबाहेर चालणारी खुली पथकंही असतात. नोंदणीसाठी जून-जुलै बरा, कारण पावसाळ्यात प्रवेशाची तयारी झाली की हिवाळ्याच्या शिबिरापर्यंत गळ्यात स्कार्फ आलेला असतो.