वीस हजार गळे आणि एक हात

समजा, एकमेकांपासून सत्तर मीटरवर दोन माणसं उभी आहेत आणि त्यांना एकच गाणं बरोबरीनं गायचं आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे एकाचा स्वर दुसऱ्याच्या कानी पडेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा उलटलेला असतो. हे क्षुल्लक वाटेल, पण द्रुत लयीत तेवढ्यात एखादा शब्द निघून जातो. पहिल्याचं ऐकून दुसरा गातो तो मागे पडतो, त्याचं ऐकून पहिला थबकतो, आणि दोन-चार ओळींत गाण्याचा चिखल होतो. आता या दोघांच्या जागी वीस हजार माणसं उभी करा.

एस्टोनियातले लोक साधारण दर पाच वर्षांनी, जुलैच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी, हेच करतात. आणि चिखल होत नाही.

या उत्सवाला तिथे लाउलुपिदू म्हणतात. राजधानी टॅलिनच्या कडेला, समुद्राजवळच्या उतारावर त्याचं मैदान आहे. खाली कमानदार छताचं प्रचंड व्यासपीठ, वर चढत जाणाऱ्या गवतावर श्रोते आणि व्यासपीठापलीकडे खाडीचं पाणी. देशाची वस्ती तेरा-साडेतेरा लाखांची. 2019 मध्ये उत्सवाला दीडशे वर्षं झाली तेव्हा परदेशातून आलेली मंडळी धरून सुमारे 35 हजार लोक गायला-वाजवायला उतरले होते. म्हणजे देशातल्या दर चाळीस माणसांमागे जवळपास एक जण ऐकायला नव्हे, गायला आलेला.

चिखल का होत नाही, याचं उत्तर मोठं गमतीदार आहे. गाणारे एकमेकांचं ऐकतच नाहीत. निदान ठेक्यासाठी तरी नाही. व्यासपीठासमोरच्या उंच चौथऱ्यावर संगीत दिग्दर्शक उभा असतो आणि सगळे डोळे त्याच्या हातावर खिळलेले असतात. हात दिसतो तो प्रकाशामुळे, आणि प्रकाशाला शंभर मीटर जायला लागणारा वेळ कोणत्याही गायकाच्या हिशेबात येत नाही. कान सांगत असतात, ‘तू पुढे पळतोयस, थांब.’ डोळे सांगतात, ‘बरोबर आहेस.’ अशा वेळी कानावर विश्वास न ठेवणं ही शिकून घेण्याची गोष्ट आहे. लहानपणापासून गाणारा माणूस उपजत कानाच्या बाजूनं जातो. दिग्दर्शकाची पंचाईत त्याहून मोठी. त्याला मागच्या रांगांचा आवाज उशिरा ऐकू येतो, तरी तो ऐकून हात सावकाश करायचा नाही. ऐकू येतंय ते थोडं जुनं आहे असं धरून त्याला पुढे जात राहावं लागतं.

दुसरं आश्चर्य आवाजाच्या मोठेपणाचं. वीस हजार माणसांचा आवाज एकाच्या वीस हजार पट मोठा वाटत असेल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. गाणारे दुप्पट झाले की पातळी फक्त तीन डेसिबलनं वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे गाणारे दहापट हवेत. हा हिशेब पुढे नेला तर, अंतर तेच धरून, वीस हजारांचा समूह एकट्या गायकापेक्षा जेमतेम वीस पट मोठा वाटेल. एखादा बरा लाऊडस्पीकर याहून जास्त गोंगाट करील (आपल्याकडच्या मिरवणुकांना हे सांगायला नको). मग अंगावर काटा कशानं येतो? प्रत्येक गळ्याचा सूर शेजारच्यापेक्षा केसभर वर नाहीतर खाली असतो, प्रत्येक उच्चार क्षणभर मागेपुढे. एकट्या माणसात ही चूक असते. हजारोंच्या गर्दीत या चुका एकमेकींना झाकतात आणि स्वराला रुंदी येते, त्यात एक बारीक थरथर भरून राहते. कोणाचाही एकट्याचा गळा त्यात सापडत नाही. कितीही चांगल्या एका गायकाचा आवाज यंत्रानं मोठा केला, तरी ही थरथर येत नाही.

छताचाही वाटा आहे. अलार कोत्ली या वास्तुविशारदानं आखलेलं हे व्यासपीठ 1960 मध्ये उभं राहिलं. त्याचं वळलेलं छत आवाज वर निसटू देत नाही, तो परतवून समोरच्या उतारावर पाठवतं.

पण नुसत्या भौतिकशास्त्रानं वीस हजार माणसं एकत्र गात नाहीत. गाणी बऱ्याच महिन्यांआधी ठरतात, गावोगावची गायनमंडळं ती आपापल्या जागी बसवतात, दिग्दर्शक फिरून त्यांची तालीम घेतात. तयारी पुरेशी नसेल तर मंडळाला प्रवेश मिळत नाही. मग त्या आठवड्यात सगळे टॅलिनला जमतात, एकत्र तालमी होतात आणि शहराच्या मध्यापासून मैदानापर्यंत सुमारे पाच किलोमीटरची मिरवणूक निघते. ती तासन् तास चालते. बायकांच्या घागऱ्यांवरचे पट्टे कोणत्या परगण्याचे, ते जाणकार लांबून ओळखतात. किह्नू बेटावरच्या बायकांच्या घागऱ्यात तर मनःस्थितीही दिसते: आनंदात लाल रंग जास्त, दुखवट्यात निळा-काळा.

आता इतिहासातली एक गंमत. पहिला उत्सव 1869 मध्ये तार्तू शहरात झाला. वृत्तपत्रकार योहान वोल्डेमार यानसेन त्यामागे होते. तेव्हा एस्टोनिया रशियन साम्राज्यात होता आणि जमीनदार जर्मन. समूहगायनाची रीतही जर्मनांचीच. त्या उत्सवात गायले पुरुष आणि वाजवली पितळी वाद्यं; स्त्रियांना समूहात जागा नव्हती. एस्टोनियन संगीतकाराची गाणी दोनच. दोन्हींना चाल अलेक्सांडर कुनिलेइद यांची आणि शब्द यानसेन यांची मुलगी, कवयित्री लिडिया कोइदुला हिचे. जिला त्या समूहात उभं राहता आलं नसतं, तिचेच शब्द पुरुष गात होते.

आणि लोकगीतं? ती तेव्हा या व्यासपीठापासून फार लांब, शेतावर, लग्नघरात आणि गावच्या झोक्यावर होती. रेगिलाउल म्हणतात त्यांना. ओळीत साधारण आठ अक्षरं, यमक नाही, पण अनुप्रासाची रेलचेल. बहुधा एक बाई ओळ म्हणते, ती संपता संपता बाकीच्या शेवटची अक्षरं उचलतात आणि पूर्ण ओळ परत म्हणतात, त्यामुळे मध्ये श्वासाएवढीही फट पडत नाही. जात्यावरची ओवी ऐकलेल्या कोणालाही ही वीण ओळखीची वाटेल. सारखेपणा आणखीही आहे. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. एस्टोनियात याकोब हुर्ट या धर्मगुरूनं 1888 मध्ये वृत्तपत्रांतून लोकांना आवाहन केलं आणि हजाराहून जास्त शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, कारागिरांनी त्याला लाखभर पानं लिहून पाठवली. विसाव्या शतकात वेल्यो टॉर्मिस या संगीतकारानं रेगिलाउलच्या जुन्या ओळींवर मोठ्या समूहासाठी रचना केल्या. अशा वाटेनं चार बायकांचं गाणं हजारोंच्या तोंडी गेलं. 2025 चा उत्सव तर बोलीभाषा आणि लोकगीतं यांच्याभोवतीच बांधलेला होता.

कोइदुलाच्या त्या दोन कवितांपैकी एकीला, ‘मू इसामा ओन मीनू आर्म’ (माझी मायभूमी हेच माझं प्रेम) हिला, 1944 मध्ये गुस्ताव एर्नेसाक्स यांनी नवी चाल दिली. ती 1947 च्या उत्सवात गायली गेली आणि मग तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या सोव्हिएत सत्तेला खुपू लागली. 1960 मध्ये ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, पण गायकांनी गायलीच. पुढे सत्तेनंच माघार घेतली आणि ती कार्यक्रमात आली. 1988 च्या जूनमध्ये लोक रात्रीमागून रात्री याच मैदानावर जमून गात राहिले. हाइन्झ वाल्क या चित्रकारानं त्याला गाणारी क्रांती म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. 20 ऑगस्ट 1991 ला एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. केवळ गाण्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. मॉस्कोतली सत्ताच तेव्हा ढासळत होती. पण हजारो जणांना एका ठेक्यात उभं राहण्याची सवय शंभर वर्षांपासून होती, हे त्या देशाचं भाग्य खरं.

जायचं ठरवलंत तर हेलसिंकीहून बोटीनं दोन-अडीच तासांत टॅलिन गाठता येतं. त्या दिवसांत तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, पण पावसाचा भरवसा नाही. छत्री नेऊ नका, मागच्याला दिसत नाही, रेनकोट न्या. आणि जागा व्यासपीठाच्या बरोबर समोर, उताराच्या मध्यावर धरा. तिथे डावीकडचे आणि उजवीकडचे आवाज जवळपास एकाच वेळी पोहोचतात.