साप पाळायचाय? आधी त्याचं घर तयार करा, साप नंतर आणा!

डिसेंबर २०२३. बँकॉकहून आलेला एक प्रवासी मुंबई विमानतळावर उतरला. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या म्हणजे डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी त्याचं सामान तपासलं, तर बिस्किटं आणि केकच्या पाकिटांमध्ये साप निघाले. एकूण ११. त्यातले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक.

आता प्रश्न असा पडतो, की हे साप येतात कोणासाठी? तर हौसेनं साप पाळणाऱ्यांसाठी. इन्स्टाग्रामवर अमेरिकेतली, ब्रिटनमधली पोरं गळ्यात केशरी साप घालून कॉफी पिताना दिसतात. साप शांत असतो, भुंकत नाही, केस गाळत नाही आणि आठवड्याला एकदा जेवला तरी त्याचं भागतं. बघणाऱ्याला वाटतं, काचेची एक पेटी आणली की झालं.

पण त्या रीलमध्ये साप दिसतो, मागची पेटी दिसत नाही. आणि साप जगणार की मरणार, हे ती पेटीच ठरवते.

पण भारतात साप पाळता येतो का?

सगळ्यात आधी हे समजून घ्या. नाग, घोणस, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. दंडही होतो आणि तुरुंगवासही.

राहिले परदेशी साप. जगभरात धोक्यात असलेल्या किंवा ज्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवावं लागतं अशा प्राण्यांची ‘सायटीस’ नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली यादी आहे. बॉल पायथन त्या यादीत आहे. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही, पण परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर परवाना लागतोच. म्हणजे ‘एक्झॉटिक आहे, चालतंय की’ असं सांगून कुणी साप विकत असेल, तर आधी कागद मागायचे. कागद नसतील तर विषय तिथंच संपला.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र बिनविषारी साप पाळणं ही जुनी आणि मोठी हौस आहे. तिथंही नियम आहेतच. ब्रिटनमध्ये विषारी साप ठेवायला १९७६ च्या कायद्यानं परवाना लागतो. शिवाय २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळलेल्या प्रत्येक पृष्ठवंशी प्राण्याला योग्य जागा देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. साप त्यात आलाच.

तिथं पहिल्यांदा साप पाळणारे बरेच जण कॉर्न स्नेक निवडतात. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, स्वभावानं शांत. लांबी साधारण ३ ते ५ फूट. आपल्या धामणीसारखाच हा उंदरांवर जगतो. आपल्याकडच्या तस्कर सापाला आणि याला शास्त्रज्ञ पूर्वी एकाच प्रजातीसमूहात धरायचे. तर या कॉर्न स्नेकचं घर कसं लागतं, ते बघू.

पेटी म्हणजे सापाचं अर्धं शरीर

माणसाचं शरीर आतून उष्णता तयार करतं. बाहेर थंडी असो वा ऊन, आत ३७ अंशांच्या आसपास तापमान राहतं. सापाचं तसं नाही. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. जंगलात तो उन्हात जाऊन तापतो, जास्त तापला की सावलीत किंवा बिळात जातो. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते.

हे जमलं नाही तर काय होतं? अंग थंड पडलं की पचन मंदावतं. गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो. रोगाशी लढायची ताकदही कमी होते. उलट, जास्त तापला आणि पळायला जागा नसली, तर तो उष्णतेनं मरतो.

म्हणून सापाच्या पेटीत एकच तापमान ठेवून चालत नाही. एक टोक गरम आणि एक टोक गार लागतं. कॉर्न स्नेकसाठी गरम टोकाला साधारण ३० अंश आणि गार टोकाला २२ ते २४ अंश. मध्ये कुठं बसायचं ते साप ठरवतो.

पेटी लांब का हवी, त्याचं पहिलं उत्तर इथं मिळतं. छोट्या पेटीत दिवा लावला की अख्खी पेटीच तापते आणि गार टोक उरतच नाही.

‘सापाला छोटी जागाच आवडते’ हे खरं का?

अनेक वर्षं दुकानदार आणि ब्रीडर हेच सांगत आले. साप वेटोळं घालून बसतो, मग त्याला मोठी जागा कशाला? प्लॅस्टिकच्या ड्रॉवरमध्ये साप ठेवायची पद्धत यातूनच रुजली.

२०१९ मध्ये काही संशोधकांनी पाळीव आणि बंदिस्त सापांचं निरीक्षण केलं. ६५ सापांकडे प्रत्येकी तासभर पाहिलं, तेव्हा त्यातले २४ साप कधी ना कधी सरळ किंवा जवळपास सरळ लांब झाले. म्हणजे साप फक्त वेटोळंच घालतो असं नाही, जागा मिळाली की तो अंग ताणतो. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणी कल्याण संस्थाही आता सांगते, की साप पूर्ण लांबीनं सरळ होऊ शकेल एवढी पेटी हवी.

मोठ्या कॉर्न स्नेकसाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी ही हल्ली सुरुवात मानली जाते. साप त्याहून लांब असेल तर पेटीही वाढवायची.

मग छोट्या सापाला जागेची भीती वाटते ते खोटं का? अगदीच खोटं नाही. साप घाबरतो तो मोकळ्या जागेला, मोठ्या जागेला नव्हे. लपायला आडोसा भरपूर असेल, तर छोटं पिल्लूही मोठ्या पेटीत मजेत राहतं.

दिवा लावला, पण थर्मोस्टॅट कुठाय?

पहिल्यांदा साप पाळणारे सगळ्यात मोठी चूक इथं करतात. बल्ब किंवा हीट मॅट थेट प्लगला लावायची आणि विसरून जायचं. हीट मॅट ही तापणारी पातळ चटई. तिला थर्मोस्टॅट जोडला नाही, तर ती तापतच राहते. साप पोटानं तिच्यावर तासन्‌तास बसतो. जमीन चटका देतेय हे कळून लगेच उठण्यात साप कच्चा असतो. त्यामुळे पोटाखालची कातडी भाजलेले साप जनावरांच्या डॉक्टरांकडे नेहमी येतात.

म्हणून नियम साधा आहे. उष्णता देणारी प्रत्येक वस्तू थर्मोस्टॅटला जोडायची. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर गरम टोकाला पक्की बसवायची. ती सापानं ढकलून गार बाजूला नेली, तर यंत्राला वाटतं पेटी थंड आहे आणि ते उष्णता वाढवत बसतं. बल्ब आत असेल तर त्याला जाळी हवी, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. ‘हॉट रॉक’ नावाचे विजेवर तापणारे दगड मिळतात, ते आणायचेच नाहीत.

थर्मोस्टॅट असला तरी दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर लागतोच. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर दिसायला छान असतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

लपायला दोन जागा, एक नाही

सापाला लपायला एकच जागा दिली आणि ती गरम टोकाला असली, तर त्याच्यापुढे पेच पडतो. सुरक्षित वाटावं म्हणून लपायचं, की गार व्हायला उघड्यावर यायचं? घाबरलेला साप बहुतेक वेळा लपून राहतो, तापला तरी. म्हणून गरम टोकाला एक आणि गार टोकाला एक, अशा दोन जागा लागतात. आत शिरल्यावर अंग सगळीकडून टेकेल इतक्या त्या घट्ट हव्यात. महागडी गुहाच पाहिजे असं नाही, उलटा ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा दार कापून दिला तरी चालतो.

यासोबत चढायला फांद्या लागतात. कॉर्न स्नेक उत्तम चढतो. फांदी हलणार नाही अशी बसवायची, म्हणजे सापाच्या अंगावर पडत नाही.

खाली अंथरायला अॅस्पेन लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा वापरतात. थर थोडा जाड असला तर साप त्यात घुसून बसतो. देवदार किंवा पाईनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा टाळायचा, त्यातली तेलं सापाला बाधतात. नवीन साप आणल्यावर पहिले काही आठवडे साधा कागद अंथरलेला बरा. विष्ठा कशी आहे, अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का, हे पांढऱ्या कागदावर लगेच दिसतं.

पाणी आणि ओलावा

साप बसू शकेल एवढं जड भांडं हवं आणि पाणी रोज बदलायला हवं. हवेतला ओलावा साधारण ४० ते ६० टक्के ठेवायचा. तो मोजायला हायग्रोमीटर मिळतो.

ओलावा बरोबर आहे की नाही, हे कात सांगते. निरोगी सापाची कात मोज्यासारखी अख्खी उतरते. तुकड्यातुकड्यांनी निघत असेल, डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला चिकटून राहत असेल, तर पेटी कोरडी आहे. शेपटीला अडकलेली कात आवळत जाते आणि रक्तपुरवठा थांबून शेपटीचं टोक मरू शकतं. यावर उपाय म्हणजे ओलं शेवाळ भरलेला एक बंद डबा, आत शिरायला भोक पाडून. उलट, सगळी पेटीच कायम ओली राहिली तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात आणि श्वसनाचे आजार होतात.

सापाला पापण्या नसतात, म्हणून तो डोळे मिटू शकत नाही. रात्रभर दिवा चालू ठेवला तर त्याला अंधार मिळतच नाही. साधारण १२ तास उजेड आणि १२ तास अंधार ठेवायचा. रात्री उष्णता लागलीच तर उजेड न पाडणारं साधन वापरायचं.

कुलूप विसरू नका

कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढं जाड असतं. वायर आत घ्यायला पाडलेलं भोक, सरकत्या काचांमधली फट, झाकणाचा सैल कोपरा, एवढं त्याला पुरतं. साप रात्रभर नाकानं ढकलत जागा शोधतो. म्हणून काचांना कुलूप आणि प्रत्येक फट बंद.

पळालेला साप ही फक्त घरातली धांदल नसते. फ्लोरिडामध्ये पाळण्यासाठी आणलेले बर्मीज अजगर लोकांनी सोडून दिले, काही निसटले, आणि आज तिथल्या एव्हरग्लेड्समध्ये त्यांनी स्थानिक प्राण्यांचा फडशा पाडलाय. त्यामुळे कंटाळा आला म्हणून परदेशी साप टेकडीवर सोडणं ही दया नाही. तो साप बहुतेक मरतो आणि जगलाच तर इथल्या प्राण्यांच्या मुळावर येतो.

मग साप आणायचा कधी?

पेटी तयार झाली की लगेच नाही. रिकामी पेटी आठवडाभर चालवून बघायची. सकाळ, दुपार, रात्र तापमान लिहून ठेवायचं. गरम टोक ३५ वर जातंय का, रात्री किती उतरतंय, थर्मोस्टॅट वेळेवर बंद होतोय का, हे रिकाम्या पेटीत कळलं तर दुरुस्ती होते. साप आत असताना कळलं तर त्याची किंमत साप मोजतो.

आकडे स्थिर झाले की साप आणायचा. एका पेटीत एकच. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत लागत नाही आणि कधीकधी हे साप एकमेकांनाही खातात. पहिला आठवडा त्याला हातात घ्यायचं नाही, रीलसाठीसुद्धा नाही. पुढेही खाऊ घातल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. साप किंवा पेटीला हात लावला की साबणानं धुवायचा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर साप पाळूच नये, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्था सांगते.

नंतरही पेटी बोलत राहते. साप सारखा गार टोकाला असेल तर गरम टोक जास्त तापलंय. सारखा गरम टोकाला असेल तर पेटी थंड आहे. दिवसरात्र काचेवर नाक घासत असेल तर काहीतरी बिनसलंय, जागा कमी आहे किंवा आडोसा नाही.

आणि शेवटचा हिशोब वर्षांचा. कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. विसाव्या वर्षी आणलेला साप मालकाच्या चाळिशीपर्यंत सोबत असू शकतो. नोकरी, लग्न, बदली, भाड्याची घरं, या सगळ्यातून ती ४ फुटांची पेटी आणि तिची दोन टोकं सांभाळत न्यायची तयारी असेल, तरच या वाटेला जावं.

ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी साप बघायला पुण्याचं कात्रज सर्पोद्यान आहे. आणि घरात आपणहून साप आलाच, तर तो बरणीत भरून ठेवायचा नाही. वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवायचा आणि त्याला त्याच्या घरी जाऊ द्यायचं.