छत्री आणि धूमकेतू

सन 1926 मध्ये केंब्रिज येथे मरे, वेब आणि स्वॉन या संशोधकांनी प्रयोगशाळेतील सशांच्या आकस्मिक मृत्यूंची चौकशी करून ज्या जंतूची नोंद केली, त्याच्या कुलास 1940 मध्ये 'लिस्टेरिया' हे नाव कायम झाले. परंतु नावापेक्षा चमत्कारिक ठरली ती त्याची चाल. मऊसर अगारच्या नळीत सुईने उभी पेरणी करून ती 25 अंश सेल्सियसवर ठेवावी, तर एकदोन दिवसांत पृष्ठभागाच्या किंचित खाली उघड्या छत्रीसारखे धूसर वलय पसरते; तीच नळी 37 अंशांवर, म्हणजे देहाच्या उष्णतेत ठेवावी, तर वाढ बहुधा सुईच्या रेघेलाच बिलगून राहते. कोलांट्या घेत पोहणारा हा जीव उबेत आपली शेपटीच बनवीनासा होतो.

या छत्रीवरून जंतू ओळखण्याचा शिरस्ता दीर्घकाळ चालला. पण 1981 मध्ये सीलिगर यांनी याच कुलातील 'इनोक्युआ', अर्थात निरुपद्रवी, या जातीचे वर्णन केले, आणि तीही तशीच छत्री उघडते हे ध्यानी घेता छत्री कुळाचा दाखला देते, शीलाचा नव्हे, हे मान्य करावे लागले. शील उमगते ते रक्तमिश्रित अगारवर: उपद्रवी जाती रक्तपेशी विरघळवते, निरुपद्रवी नाही.

मग अन्नावाटे देहात शिरलेला, पोहणे सोडलेला उपद्रवी जंतू पसरतो कसा? 1989 मध्ये टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी दाखवले, की पेशीत शिरल्यावर तो यजमानाच्याच ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू पाठीशी रचून धूमकेतूसारखा पुढे ढकलला जातो आणि शेजारच्या पेशीत घुसतो. 2001 मध्ये दोन्ही जातींच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा या परक्या वाहनाचे आणि पेशीत शिरकाव करण्याचे मुख्य जनुक निरुपद्रवी जातीत नसल्याचे सिद्ध झाले. 2004 मध्ये शेपटीच्या जनुकांवर मनाई हुकूम बजावणारे मॉगआर हे प्रथिनही हाती लागले. थंडीत गमाआर नावाचे दुसरे प्रथिन तो हुकूम उठवते आणि उबेत स्वतःच निकामी होते.

तात्पर्य, पोहण्याची कला दोघांची सामाईक. उपद्रव आहे तो उसन्या वाहनात. मात्र थंडी या जंतूला रोखत नाही: शीतकपाटाच्या 4 अंशांवरही तो वाढतो, म्हणून तेथून काढलेले शिळे अन्न चांगले गरम करूनच खावे.